अर्थिंग

मेन स्विचचं झाकण उघडून
दस्तगीर मुल्लाणींनी आत टॉर्च मारला,
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"ताई, ह्या घराला अर्थच न्हाई."

मी चहाचा कप हातात धरून तशीच उभी.
साल अडुसष्ट. उद्यमनगरच्या फाउंड्रीत ओव्हरटाइम करून
वडिलांनी कुंभार गल्लीत एकेक खोली चढवली,
आम्ही इथं वाढलो, गोवर काढले, भांडलो,
आणि हा माणूस—

"अर्थिंग ओ," ते हसले. "तिसरी तार.
ती कुटं जातच न्हाई. भिंतीत आणून सोडून दिलीया."

फ्रीजला हात लावला की झिणझिण्या येत
ते आम्ही घराचं वळण समजत होतो.
चपला घालून दार उघडायचं, एवढंच.
पाहुण्यांनाही आधी सांगायचो,
पाणी हवं तर आम्ही देतो.

लाकडी पट्ट्या निघाल्या.
आतली कापडी वायर बोटात धरताच भुकटी झाली.
फ्यूजमध्ये निघाली
सायकलच्या ब्रेकची तार.
"ह्यो उद्योग कुणाचा?"
मी नाव सांगितलं नाही.
रणधीर. अकरावीत. मॅचच्या दिवशी.

सिद्राम गुरव न्हाणीची भिंत फोडत होता.
कापलेला पाइप त्यानं माझ्या डोळ्यांसमोर धरला:
बाहेरून पाऊण इंच,
आत गंजावर गंज,
मधे उदबत्तीची काडी जाईल एवढी वाट.
"एवढ्यातनं तुमी आंघोळी करत हुता?"
होतो. पहाटे साडेचारला नळ यायचा,
पहिली बादली तांबडी, ती झाडांना,
दुसरी भांड्यांना,
तिसरीवर भांडण.

रणधीर आता पुण्याहून फोनवर:
"त्या भिंतीत पैसे पुरू नकोस, अक्का.
पाणी परत येणारच."

दस्तगीरभाईंनीही तेच विचारलं, त्यांच्या रीतीनं.
"एकोणीसला पाणी कुटवर हुतं?"
मी छातीवर हात ठेवला.
"तसं न्हवं. भिंतीवर दावा."

दोन हात रंगाखालूनही ती रेघ दिसत होती.
त्यांनी निळीत बुडवलेलं सूत ताणलं, सोडलं,
फट्.
बैठकीतून स्वयंपाकघरात,
कॅलेंडरच्या मधोमध, देव्हाऱ्याच्या पोटावरून
एक निळी रेघ घरभर गेली.
"ह्याच्या वर एक वीत. समदे बोर्ड, समदे प्लग."

आता मिक्सरला हात उंच करावा लागतो,
मोबाइल भिंतीवर लोंबतो टोपीसारखा.
बघणारे हसतात.
हसणारे सगळे सम्राटनगरात राहतात, चढावर.

शेवटच्या दिवशी मागं, कढीलिंबाजवळ खड्डा.
माणूस उभा राहील एवढा.
तांब्याची पट्टी उभी केली, भोवती थर:
कोळसा, मीठ, कोळसा, मीठ.
जाडं मीठ मी लक्ष्मीपुरीतनं आणलेलं,
दुकानदार म्हणाला,
"एवढं? लोणच्याला अजून येळ हाय की."

माती लोटून झाली तसे
हात झटकत दस्तगीरभाई म्हणाले,
"उन्हाळ्यात बादलीभर पाणी घालत जावा.
ओल पायजे. सुकलं की तार असून नसल्यागत."
"किती वर्षं घालायचं?"
"आता ते तुमी बगा."
आणि पान काढून शांतपणे
बिलाचा आकडा सांगितला.
दोन हप्त्यांत दिला.

चैत्र आहे.
फ्रीज अनवाणी उघडला, गप्प होता.
चार्जर लावायला मी अजून वाकते,
जुन्या प्लगच्या जागी
नव्या गिलाव्यावर बोटं फिरतात, गार,
मग आठवतं, वर.

साडेचारला नळ आला.
पहिली बादली नितळ,
तरी सवयीनं मागं घेऊन जाते,
त्या मिठावर ओतते.
कढीलिंबाला वाटतं, त्याच्यासाठीच.